उजवीकडून ओढलेली रेघ

कळंब चौक, यवतमाळ
१२ जानेवारी २०२५

पायल,

‘प्रिय’ लिहून नंतर खोडण्यापेक्षा लिहिलंच नाही. काल मी फोन केला तेव्हा ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालीस आणि लगेच मला ब्लॉक केलंस. तुमच्या कंपनीला मेल केला तर तिथलं मशीन माझे आभार मानतं. म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टने. पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. नलूकाकूला यातलं काही सांगितलेलं नाही, पुस्तक पाठवायचंय म्हणाले. तेवढी काळजी करू नकोस.

काल लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पूनमसिंगभाऊंच्या दालमिलवर गेले होते. त्यांच्या गेटचा बोर्ड मी रंगवायचा असं दिवाळीपासून ठरलेलं होतं. रंगाचे डबे, शिडी सगळं ऑटोत टाकून पोचले, तर गेटवर बोर्ड आधीच लागलेला. खाली ‘लोहारा, यवतमाळ’. त्या यवतमाळातला ळ माझा होता. दोन्ही पोटं फुगलेली, मधे गाठ. डोक्यावरची रेघ उजवीकडे जाड आणि डावीकडे बारीक होत गेलेली, तीही माझी. फक्त बोर्ड मी रंगवला नव्हता. फ्लेक्स होता.

‘जेबाताई, तुमीच फ्लेक्सवाल्याले अक्षर देल्लं ना?’ पूनमसिंगभाऊ म्हणाले. ‘मले वाटलं, आता तुमी कम्प्युटरवर गेल्या. मी म्हटलं बरं झालं, शिडीवर चढाची कटकट गेली.’

त्यांचा काय दोष. ऑटो तशीच फ्लेक्सवाल्याकडे वळवली. त्याने कम्प्युटर उघडून दाखवलं. फॉन्टचं नाव ‘वऱ्हाडवाट’. रचना: पायल भगत, आणि वर तुमच्या कंपनीचं नाव. खाली एक ओळ, ‘विदर्भाच्या रस्त्यांवरील अनामिक पेंटरांच्या अक्षरांपासून प्रेरित’.

अनामिक म्हणे. पायल, मी प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात ‘जेबा आर्ट्स’ लिहिते आणि खाली मोबाइल नंबर टाकते. अब्बांकडे मोबाइल नव्हता तेव्हा ते ‘बशीर पेंटर, कळंब चौक’ एवढं लिहायचे आणि लोक बरोबर दारात यायचे. पाचवीपासून शाळाभर जिच्या डब्यातला कीमा आईपासून लपवून खाल्लास, तिचं नाव तुला आठवलं नाही? आणि ‘पेंटरांच्या’ कायले? पेंटर एकच आहे. तिला तू चांगली ओळखतेस.

मला भांडण वाढवायचं नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला भांडायचंच आहे. ती अक्षरं जेबा बशीर शेख हिची आहेत हे जाहीर लिही, जिथे तुझं नाव लिहिलंस तिथेच. आणि मला विचारल्याशिवाय ती विकणं बंद कर. एवढं केलंस तर पुढचं पत्र ‘प्रिय’ने सुरू करीन.

जेबा


कळंब चौक, यवतमाळ
९ फेब्रुवारी २०२५

पायल,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं आहे, पण निदान ‘वऱ्हाडवाट’मध्ये नाही, एवढी लाज शिल्लक ठेवलीस.

तू लिहितेस, ‘अक्षरं कुणाच्या मालकीची नसतात. तू सगळं ऑनलाइन उघड टाकलंस, मी त्याचं रूपांतर केलं, त्यात माझीही मेहनत आहे.’ अगं, दोरीवर वाळत घातलेला दुपट्टा सगळ्या मोहल्ल्याला दिसतो. म्हणून तो कुणी पांघरून लग्नाला जात नाही. आणि गेलीच एखादी, तर निदान ‘अनामिक दुपट्ट्यापासून प्रेरित’ असं सांगत फिरत नाही.

मेहनत तू केलीस, मी नाही म्हणत नाही. पण ती मेहनत सुरू कुठून झाली ते मला या महिन्यात उमगलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

‘जेबा आर्ट्स’चं ऑनलाइन पेज तूच काढून दिलंस. ‘जेबा, घरात ठेवून काय करशील, टाकत जा, जगाने बघायला पाहिजे.’ मग तू पुण्याला गेलीस आणि दर शुक्रवारी तुझी फर्माईश यायला लागली. ‘या वेळी थ आणि ढ येईल असं काही लिही ना.’ मी जुन्या पत्र्यावर ‘थंडगार मठ्ठा’ आणि ‘ढोकळा’ लिहून टाकला. ‘छ आणि झ पाठव.’ मी ‘छत्री दुरुस्ती’ लिहिलं आणि झसाठी ‘झरी जामणी’. मला वाटायचं, पोरगी परक्या गावात एकटी पडली, तिला आपल्याकडचे बोर्ड आठवतात. एकदा तापात होते, तरी तुझा ‘घ’ चुकू दिला नाही. ‘फोटो समोरून काढ, तिरपा नको, सावली पडू देऊ नको.’ मी खुर्चीवर चढून काढायची, आणि मोठ्या आकारात पाठव म्हणालीस तर तसाही पाठवायची. अम्मी विचारायची, हे कोणासाठी चाललंय, तर सांगायची, पायलला करमत नाही.

तू बाराखडी गोळा करत होतीस. आणि मी इथे तुझ्या करमण्याची काळजी करत होते.

एक अक्षर मात्र तू मागितलं नाहीस. ञ. यवतमाळात ञ लागेल असं एकही दुकान नाही, त्यामुळे मी तो जन्मात रंगवला नाही. तुझ्या फॉन्टमध्ये तो आहे. तो तुझा तू केलास आणि त्याच्या डोक्यावरची रेघ डावीकडे जाड आहे. बाकी साऱ्या अक्षरांची उजवीकडे. घाईत हात आपल्या सवयीवर गेला ना?

आता त्या मुलाखतीबद्दल. फ्लेक्सवाल्यानेच व्हिडिओ दाखवला. मागे पुस्तकांचं कपाट, तू चष्मा लावून बसलेली. छान दिसत होतीस. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘या फॉन्टमधली शिरोरेषा उजवीकडून निघाल्यासारखी वाटते, हे धाडस कसं सुचलं?’ आणि तू म्हणालीस, ‘मी मुद्दाम रूढ दिशेला प्रश्न विचारला.’

कसला प्रश्न, पायल? मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत होते. हाताला उजवीकडून निघायची सवय लागली ती लागली. भरलेला ब्रश जिथे टेकतो तिथे रेघ जाड होते आणि रंग संपत जातो तशी बारीक होते. माझा ब्रश उजवीकडे टेकतो. एवढंच ते धाडस. अब्बा किती वैतागायचे, ‘लकीर उल्टी कायकू खींचती बेटा, लोगां हसेंगे.’ पाटीपुऱ्यातल्या विहाराची भिंत जयंतीसाठी रंगवायची होती तेव्हा तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा ब्रश दिला. अब्बा म्हणाले, राहू द्या, ही उलटं लिहिते. तर तुझे बाबा, धम्मरत्नकाका, म्हणाले, ‘ओढू द्या हो बशीरभाऊ, तिच्या हातानं. वाचता येते ना? मंग झालं.’ तू निळ्या रंगाचा डबा धरून शेजारी उभी होतीस. तुझ्या फ्रॉकवर रंग सांडला म्हणून काकू आपल्या दोघींना बोलली होती.

हे सगळं तुला माहीत होतं, आणि तरी कॅमेऱ्यासमोर तू माझी उर्दू शाळा पुसून टाकलीस. चोरी तर चोरी, वर पाठ थोपटून घेतलीस. मला राग चोरीचा कमी आणि त्या वाक्याचा जास्त आला आहे.

उत्तर पाठवायचं तर हाताने लिही.

जेबा


कळंब चौक, यवतमाळ
२० एप्रिल २०२५

पायल,

तुझं उत्तर आलं नाही, पण तुझ्या कंपनीचं आलं. तेही मला नाही, माझ्या पेजला.

मार्चमध्ये पहिली सूचना आली की माझी एक पोस्ट काढून टाकली आहे, कारण तिच्यात ‘वऱ्हाडवाट’ हा फॉन्ट परवान्याशिवाय वापरला आहे. मी आधी हसले. काढलेली पोस्ट कोणती, तर ‘थंडगार मठ्ठा’. तुझ्याच फर्माईशीची. ती टाकली तेव्हा तुझा फॉन्ट जन्माला यायचा होता. मी तसं लिहून पाठवलं. मशीनने आभार मानले आणि ‘छत्री दुरुस्ती’ काढून टाकलं. मग ‘ढोकळा’. मग अब्बांचा शेवटचा बोर्ड, जो आम्ही दोघांनी मिळून रंगवला होता. गेल्या आठवड्यात अख्खं पेज बंद झालं. ‘वारंवार उल्लंघन’ असं कारण दिलं आहे.

म्हणजे मी माझी चोरी केली आणि ती मी वारंवार केली.

तू म्हणशील, ते आपोआप होतं, कुणी बसून करत नाही. कबूल. पण त्या मशीनला कुणीतरी शिकवलं असेल ना की हे वळण कंपनीचं आहे? आणि ते वळण कंपनीला कुणी दिलं?

भीमराज वकिलांकडे गेले होते. कोर्टासमोर बसतात ते, तुझ्या बाबांचे मित्र. चांगला माणूस आहे, पण ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. म्हणाले, ‘तुमचा फोटो तुमचा. रंगवलेला पत्रा तुमचा. त्याची हुबेहूब नक्कल केली तर भांडता येते. पण अक्षराच्या नुसत्या वळणावर हक्क सांगता येते का, तिथं कायदा धूसर आहे. अन् त्यायचा फॉन्ट म्हणजे कम्प्युटरचा प्रोग्राम, तो त्यायच्या नावावर पक्का.’ मी विचारलं, पत्रा माझा, रंग माझा, फोटो माझा, हात माझा, आणि अक्षर? तर ते चष्मा पुसायला लागले. केस लढू म्हणतात, लांबेल म्हणतात. मी त्यांना हो म्हटलं आहे. तुला कळवून ठेवते, नंतर कुणाच्या तोंडून ऐकायला नको.

दरम्यान एका कॉलेजची मोठी भिंत मिळाली होती, ती गेली. प्राचार्य म्हणाले, ‘मॅडम, उद्या आमच्यावर लफडं नको, आधी त्या फॉन्टचं लायसन आणा.’ मी त्यांच्यासमोर खडूने फळ्यावर ‘महाविद्यालय’ लिहून दाखवलं. ते म्हणाले, ‘अगदी फॉन्टसारखं लिहिता हो.’ त्यांना वाटलं, स्तुती केली. मी खडू ठेवला आणि आले. पेज गेलं, आता झरीपासून दारव्ह्यापर्यंत ज्यांना बोर्ड लावायचा असतो ते मला शोधणार कुठे? आणि शोधलं तरी मी नक्कल करणारी.

जयंतीला विहाराची भिंत मीच रंगवली. त्याला कुणी लायसन विचारलं नाही. काका खुर्ची टाकून समोर बसले होते. बोलताना दम लागत होता. तुला ठाऊक असेलच. नसेल तर ठाऊक करून घे. मी तिथे मुद्दाम जाते असं नाही, पाटीपुरा रस्त्यात पडतो म्हणून थांबते. काकू थांबवून घेते.

त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तू सांग. आजारी माणसाच्या कानावर मी त्याच्या पोरीचं गाऱ्हाणं घालणार नाही.

जेबा


कळंब चौक, यवतमाळ
१९ मे २०२५

पायल,

काकांच्या अंत्यविधीत तू मला बघितलंस आणि मान खाली घातलीस. मीही मागेच उभी राहिले. तिथे बोलायची गोष्ट नव्हती.

आज काकूने बोलावलं होतं. विहारामागच्या खोलीत काकांची पुस्तकं ठेवून वाचनालय करायचं ठरलं आहे, पुण्यानुमोदनाच्या दिवशी उघडायचं. बोर्ड मी लिहावा म्हणाली. कुणीतरी फ्लेक्सचं सुचवलं तर काकू म्हणाली, ‘फ्लेक्स वर्षात उडून जाते. माह्या नवऱ्याचं नाव जेबा लिहीन.’

मी लिहिणार आहे. हे तुझ्यासाठी नाही, म्हणून आधीच कळवते. त्या दिवशी तू येशील तेव्हा मला आभार वगैरे मानू नकोस.

काका माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत. फार आठवण येते.

जेबा


कळंब चौक, यवतमाळ
३० जून २०२५

पायल,

काल तू फोन केलास. पाच महिन्यांनी मला ब्लॉकमधून काढलंस, आणि आधी बराच वेळ नुसती रडलीस. नंतर तू जे बोललीस ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला, कारण फोनवर माझ्या तोंडून काय निघालं असतं ते मला माहीत होतं. आता रात्र गेली आहे. लिहून सांगते.

तू वाचनालयाच्या बोर्डाचा फोटो टाकलास. ‘धम्मरत्न भगत वाचनालय, पाटीपुरा’. खाली बाबांबद्दल चार ओळी लिहिल्यास. त्या चांगल्या होत्या. काकूने मला वाचून दाखवायला लावल्या, तीनदा. तिसऱ्या दिवशी तो फोटो गायब. ‘वऱ्हाडवाट’ परवान्याशिवाय वापरला म्हणून.

तुझ्या बाबांचं नाव तुझ्याच कंपनीने काढून टाकलं. मला आनंद झाला का? झाला. क्षणभर झाला, लपवत नाही. मग काकूचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि तो आनंद गेला.

तू त्यांच्याकडे तक्रार केलीस, तर त्यांनी तुला विचारलं, या फोटोतलं अक्षर कुणी निर्माण केलं, लेखी कळवा. आता यावर तुला दोनच उत्तरं सुचली असणार. एक, जेबाने केलं, ती असंच लिहिते, लहानपणापासून. ते लिहिलंस तर तुझी मुलाखत, तुझं ‘धाडस’, तुझा फॉन्ट, कदाचित नोकरीही, सगळ्याची वाट लागते. आणि भीमराज वकिलांना आणखी काही शोधायची गरज उरत नाही. म्हणून तू दुसरं उत्तर शोधलंस.

‘जेबा, मी तुझ्या नावाने फॉन्टचं लायसन पाठवते, फुकट. तू फक्त लिहून दे की बोर्ड फॉन्टवरून उतरवून रंगवला. बाबांचा फोटो परत येईल. तुझं पेजही मी सोडवून आणते. बाबांसाठी एवढं कर.’

पायल, तू हे वाक्य बोलताना थांबली नाहीस. मी वाट बघत होते, आता थांबेल, आता थांबेल.

तुझ्या बाबांचं नाव मी कशावरूनही उतरवलेलं नाही. ते लिहायला मी सकाळी बसले आणि ‘धम्म’ दोनदा पुसून परत लिहिलं. तो काकांचा बोर्ड होता. ज्या माणसाने ‘तिच्या हातानं ओढू द्या’ म्हटलं, त्याच्याच नावाखाली मी लिहून द्यायचं की हा माझा हात नव्हता? आणि ते बाबांसाठी? बाबांचं नाव मधे घालू नकोस. फॉन्टसाठी म्हण, नोकरीसाठी म्हण, मला राग कमी येईल.

पेज सोडवून आणतेस म्हणे. माझ्याच घराची किल्ली मला बक्षीस देतेस.

ते लायसन सकाळी मेलवर आलं. जेबा बशीर शेख, नाव बरोबर लिहिलं आहेस. तुला नाव येतं तर. त्याची प्रत काढून या पत्रासोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

आणि एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून सांगते. मी काकूला सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये म्हटलं होतं की तू सांग, तू सांगितलं नाहीस. ती रोज फोन माझ्या हातात देते, ‘बाबांचा फोटो आला काय पाय बरं.’ किती दिवस मी रेंज नाही, रेंज नाही म्हणू? काल संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून पहिल्यापासून सांगितलं, फर्माईशीपासून ते लायसनपर्यंत. मला वाटलं, पोरीची बाजू घेईल आणि घ्यावी, आई आहे. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘लिहिणारी माह्या समोर बसून आहे. अन् तिले पावती कायले पायजे?’

मी म्हटलं, काकू, फोटो परत यायचा तर कुणी लिहिलं ते पायलला कळवावं लागते.

‘तिले मालूम नाही काय कोणी लिहिलं?’

‘मालूम आहे.’

‘मंग लिहून काहून नाही देत?’

तिने सूप बाजूला ठेवलं आणि थांबून राहिली, पायल, खरंच उत्तरासाठी थांबली. आज परत विचारेल. तिला काय सांगू ते कळव.

जेबा